कावीळ सांगितली होती

आमच्या घरात कावीळ कुणालाच झाली नव्हती. तरीही दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत आमच्या घरी कावीळ होती. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, शाळेला आणि माझ्या ऑफिसला मी तसंच सांगितलं होतं. जिला ती झाल्याचं सांगितलं, ती माझी सोळा वर्षांची मुलगी. तिला बायपोलर हा मनाचा आजार आहे.

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. अल्पवयीन मुलांबद्दलच्या मजकुरात आम्ही नावापुढे कंसात ‘नाव बदलले आहे’ असं टाकतो. इथेही बदललं आहे. रेवा हे नाव तिनंच निवडलं. हा मजकूर तिनं वाचला आहे. दोन वाक्यं काढायला लावली, एक घालायला लावलं. घातलेलं वाक्य असं : आई वाईट नाही, घाबरट आहे.

ज्यांच्या घरात आत्ता असं काही चालू आहे आणि ज्यांनी बाहेर दुसरंच काहीतरी सांगून ठेवलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

निदानाचा दिवस

आधी आजाराची चढती बाजू, म्हणजे अति उत्साहाचा काळ, आली होती, ती आम्हाला कळली नाही. रेवा रात्र रात्र चित्रं काढायची, सकाळी ताजीतवानी असायची, एकाच आठवड्यात तिनं खोलीच्या भिंती रंगवल्या, गिटारचा क्लास लावला, शाळेत नाटक बसवायला घेतलं. बोलताना शब्द एकमेकांवर आदळायचे. मी ऑफिसात कौतुकानं सांगायचे. मग एक दिवस ती अंथरुणातून उठली नाही. पुढचे कित्येक दिवस आंघोळ नाही, ताट तसंच परत, मैत्रिणींचे फोन वाजून बंद. आम्ही त्याला दहावीचा ताण म्हणालो. नवरा म्हणाला, “मोबाइल काढून घे, सरळ होईल.” मी काढून घेतला.

शेवटी शाळेच्या समुपदेशक बाईंनी मनोविकारतज्ज्ञांचं नाव दिलं. डॉक्टर बाई शांत होत्या. झोप, भूक, शाळा असं विचारता विचारता त्यांनी त्याच आवाजात विचारलं, “रेवा, जीव द्यावा असं मनात येतं का?”

मी खुर्चीतून अर्धी उठले. मुलीसमोर असं कसं विचारतात, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

रेवा म्हणाली, “हो.”

“कधीपासून?”

“गणपतीच्या आधीपासून.”

त्या काळात रोज आम्ही एका टेबलावर जेवत होतो. लोकांना नको ते प्रश्न विचारणं हा माझा वीस वर्षांचा धंदा. घरात हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. विचारला तर तिच्या डोक्यात भरेल, अशी माझी समजूत होती. डॉक्टरांनी सांगितलं ते जसंच्या तसं देते : “विचारल्यानं विचार पेरला जात नाही. तो आधीच असतो. विचारलं की मुलाला कळतं, इथं बोलता येतं.”

त्याच दिवशी दाखल करायचं ठरलं.

खोटं कसं जुळवलं

दवाखान्याच्या व्हरांड्यात असताना फर्दापूरहून भावजयीचा फोन आला. सविता तिचं नाव. माझा धाकटा भाऊ संजय पर्यटकांची गाडी चालवतो, ती लेणी बघायला येणाऱ्यांसाठी खाणावळ चालवते; पिंकी त्यांची मुलगी. तिनं सहज विचारलं, “वन्सं, कुठं हाव?”

“दवाखान्यात. रेवाला कावीळ झालीय.”

हे तोंडातून आपोआप गेलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. फोन वाजला तेव्हाच मी आजार निवडायला घेतला होता. डेंग्यू म्हटलं की लोक प्लेटलेट विचारतात. टायफॉईड लवकर बरा होतो. काविळीत माणूस महिनोन्महिने पडून राहतं, जेवत नाही, शाळेत जात नाही, अशक्त दिसतं, आणि त्याबद्दल कुणी मागून कुजबुजत नाही. बातमीतली फट जशी बुजवतात तशी मी ही बुजवली. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “बरं केलंस. पुढं पोरीचं लग्न आहे.” आम्ही दोघं शिकलेली माणसं आहोत.

रेवाला मी वॉर्डात जाऊन सांगितलं की बाहेर आपण कावीळ म्हणायचं. तिनं मान हलवली. नंतर ती हळूच म्हणाली, “म्हणजे मला झालंय ते सांगण्यासारखं नाही.”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

तेवढ्यात नर्स आल्या म्हणून सुटले.

वॉर्ड

दाखल करताना आमची पिशवी तपासली आणि काही वस्तू परत दिल्या. कोणत्या ते इथे लिहीत नाही. आत्महत्येच्या बातम्यांत आम्ही ते वर्षानुवर्षं तपशिलात लिहीत आलो. लिहायला नको होतं, हे मला त्या टेबलापाशी कळलं. ‘किरकोळ कारणावरून’ हे शब्द तर मी स्वतः कितीतरी मथळ्यांत बसवले आहेत. जागा कमी असली की ते बरोबर बसतात.

सकाळी सातला चहा, मग गोळ्या. गोळी गिळल्यावर जीभ वर करून दाखवायची. दुपारी पत्ते, रंगकाम. रेवाच्या शेजारच्या खाटेवर एक बँकेतल्या बाई होत्या. त्या रोज तिला विचारायच्या, “आज किती मार्क?” दहापैकी मनाला किती मार्क द्यायचे, असा त्यांचा खेळ. पहिल्या दिवशी रेवा म्हणाली शून्य. बाई म्हणाल्या, “मला पण शून्य. चला, दोघी नापास.” दाखल झाल्यापासून रेवा तेव्हा पहिल्यांदा हसली. मी तिथेच बसले होते. माझ्या बोलण्यानं ती हसली नव्हती.

भेटीच्या वेळी ओळखीचं कुणी दिसेल म्हणून मी ओढणी डोक्यावरून घेत असे. शहरातल्या छावणी भागात आमचं घर आहे, बाजारात निम्मे लोक ओळखतात. रेवानं एकदा विचारलं, “ऊन इथंपण लागतं का?”

पथ्य

घरी आल्यावर कावीळ वाढली. शेजारच्या नसीमभाभी उसाचा रस घेऊन आल्या. मुळ्याच्या पानांचा रस आला. भाजलेले फुटाणे आले. खोटं टिकवायला मी आठवडाभर वरणात हळद घातली नाही. नसीमभाभींनी रेवाची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि म्हणाल्या, “आंखें तो सफेद हैं. इतक्यात उतरली?”

“औषध चांगलं मिळालं,” मी म्हणाले.

“कौन से डॉक्टर का? मेरे भांजे को भी है.”

मी खरोखरच एका पोटाच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. भाचा त्यांच्याकडे गेला आणि बरा झाला. नसीमभाभी अजून मला दुवा देतात.

हे हसण्यासारखं आहे, आणि रेवा तेव्हा हसलीही. पण पाहुणे गेले की ती खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. तिच्या खऱ्या आजाराबद्दल विचारणारं एकही माणूस घरात येत नव्हतं, कारण मी तशी सोय केली होती.

फर्दापूर

उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडणुका होत्या. माझी रजा बंद झाली, नवऱ्याला बाहेरगावी ड्यूटी लागली. रेवाला एकटं ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मोकळ्या हवेत, माणसांत राहायला त्यांची हरकत नव्हती. अट एवढीच की गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि सोबत जे कुणी असेल त्याला धोक्याच्या खुणा माहीत हव्यात. बोलणं बंद होणं. आवडत्या वस्तू वाटून टाकणं. निरोपासारखं बोलणं. खूप अस्वस्थ असलेलं मूल एकदम शांत होणं.

मी पहिली अट पाळली. दुसरी पाळायची तर सविताला खरं सांगावं लागलं असतं. गोळ्यांची पाकिटं तिच्या हातात देताना मी म्हणाले, “लिव्हरच्या आहेत. सकाळ-संध्याकाळ.”

सविता दहावी नापास आहे, तिची जीभ सैल आहे आणि तिच्या खाणावळीत गावभर बसतं. माझा हिशेब असा होता. 

आमच्या भागात काविळीचं गावठी औषध देणारी माणसं असतात. फर्दापूरजवळच्या एका वस्तीवर असे एक आजोबा आहेत. रविवारी झाडपाल्याचा रस देतात, पैसे घेत नाहीत, आणि एकच अट घालतात : हे चालू असताना इंग्रजी औषध बंद. सविता रेवाला घेऊन गेली. जाणारच. सहा महिने पोरीची कावीळ उतरत नाही, सख्खी मामी आणखी काय करणार? घरी येऊन तिनं गोळ्यांची पाकिटं कपाटावरच्या ट्रंकेत ठेवून दिली आणि मला फोन केला. “वन्सं, आता काळजी सोडा. औषध लई नामी हाय.”

गोळ्यांचं तिनं सांगितलं नाही, कारण माझा गावठी औषधावर विश्वास नाही हे तिला ठाऊक होतं. मी विचारलं नाही, कारण त्या गोळ्यांविषयी बोलणं वाढू नये असं मला वाटत होतं.

आणि रेवा गप्प राहिली. नंतर मी तिला विचारलं, तू मामीला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “मग तू खोटी पडली असतीस.”

आता लई शहाणी झाली

गोळ्या अचानक बंद झाल्यावर जे व्हायचं ते झालं. पहिले काही दिवस चिडचिड, रात्री जाग. सविता फोनवर सांगायची, “पोरगी लई कावली हाय, उष्णता असंल.” मग जेवण कमी झालं. मग एक दिवस तिनं आनंदानं सांगितलं, “आता लई शहाणी झाली बघा. काही मागत नाय, हट्ट नाय. आपले रंग, ब्रश, सगळं आमच्या पिंकीला देऊन टाकलं.”

मी म्हणाले, “वा.”

डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणांपैकी दोन त्या एका फोनमध्ये होत्या. मला पाठ होत्या. पण मतमोजणी तोंडावर होती आणि घरून आलेली ती चांगली बातमी होती. मी तपासली नाही.

त्यानंतरच्या दुपारचं मला सविता आणि रेवा दोघींनी वेगवेगळं सांगितलं आहे. जुळतं तेवढंच घेते.

सविता भाकरी थापत होती. बाहेर बाकावर लेणी बघून उतरलेले पर्यटक जेवत होते. रेवा शेगडीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, “मामी, माझी सायकल घरी पडून आहे. ती पण पिंकीला आणून द्यायला सांग मामाला.”

“आन तू काय चालवशील? बैलगाडी?”

रेवा परातीच्या कडेचं पीठ बोटानं गोळा करू लागली.

“कुठं चालली का तू?”

रेवा जमिनीकडे बघत राहिली. सवितानं हातातली भाकरी तव्यावर टाकली नाही, परातीत परत ठेवली.

“पोरी, इकडं बघ. जीव द्यायचं हाय का मनात?”

“व्हय,” रेवा म्हणाली. ती घरी ‘हो’ म्हणते. मामीला तिनं मामीच्या भाषेत उत्तर दिलं.

सविता ओरडली नाही, रडली नाही, असलं बोलू नये असं म्हणाली नाही. तिनं गॅस बंद केला. बाहेर जाऊन जेवणाऱ्यांना सांगितलं, “भाऊ, भाकरी संपली. आहे तेवढ्यावर उठा, पैसे नको.” आत येऊन रेवाच्या शेजारी भिंतीला टेकून बसली, तिचं मनगट धरलं आणि मला फोन लावला.

मी बैठकीत होते. बाहेर येऊन फोन घेतला.

“वन्सं, पोरीला काय झालंय ते खरं सांगा.”

“अगं, कावीळच—”

“ती माझ्या शेजारी बसलीय. तुमचं ऐकू राह्यली.”

व्हरांड्यात कुणीतरी मतमोजणीच्या फेऱ्यांचे आकडे मोठ्यानं वाचत होतं. मी सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या कशाच्या आहेत ते सांगितलं, तिला एक क्षणही एकटं सोडू नको म्हणून सांगितलं.

 मग सविता म्हणाली, “मंग मी हिच्या तोंडात काय घालत व्हते? आन काय काढून घेतलं?”

सिल्लोडचा रस्ता

संजयनं गाडीतले पर्यटक दुसऱ्याच्या गाडीत बसवून दिले आणि सिल्लोडमार्गे शहराकडे निघाला. मागच्या सीटवर सविता आणि रेवा. मी डॉक्टरांना कळवून दवाखान्याच्या फाटकात उभी राहिले. वाटेत सविता रेवाशी सारखी बोलत होती, म्हणे. खाणावळीत परदेशी बाईनं ठेचा खाल्ला तेव्हा काय झालं, ते तिनं तीन वेळा सांगितलं. रेवा म्हणाली, “मामी, तिसऱ्यांदा सांगतेयस.” सविता म्हणाली, “सांगू दे. तू ऐकतीस तवर मला बरं वाटतं.”

फाटकात गाडी थांबली तेव्हा सवितानं अजून मनगट सोडलेलं नव्हतं. हाताला पीठ तसंच वाळलेलं होतं.

रेवा पुन्हा दाखल झाली. उपचार पुन्हा पहिल्यापासून. सविता रात्रीची सोबत करायची, मी दिवसाची. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी डबा धुताना म्हणाली, “आम्ही गावभर बोंबलत फिरलो असतो, असं वाटलं का तुम्हाला?”

खोटं बोलायची सवय अजून गेली नव्हती. तरी मी “हो” म्हणाले.

तिनं डबा पालथा घातला. “फिरले पण असते म्या,” ती म्हणाली. “एक दिवस. दुसऱ्या दिवशी गावानं मला शिकवलं असतं पोरीला कसं जपायचं ते. आमच्याकडं माणसं बोलत्यात, पण येतात बी.”

मग तिनं माझ्याच ओढणीला हात पुसले.  त्या रात्री तिनं दोघींसाठी चहा आणला.

कागदावर काय आहे

घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून एक आराखडा करून घेतला. तो रेवाच्या शब्दांत आहे. मन घसरायला लागलं की सगळ्यांत आधी काय होतं : गाणी ऐकावीशी वाटत नाहीत. तेव्हा काय करायचं : गच्चीवर जायचं नाही, माणसांत यायचं, मामीला फोन करायचा. कुणाला सांगायचं : मामी, आई, डॉक्टर, मोफत हेल्पलाइन. मी दुसऱ्या क्रमांकावर आहे. क्रम तिचा आहे. घरातली सगळी औषधं कुलपात आहेत, किल्ली नवऱ्याकडे. तिच्या खोलीच्या दाराची कडी तिच्याच संमतीनं काढली आहे. गोळ्या कुणी, कितीही प्रेमानं सांगितलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद होत नाहीत.

मग सांगायचं काम उरलं. शाळेत मुख्याध्यापकांना, ऑफिसात, नसीमभाभींना.  नसीमभाभी ऐकून घेऊन म्हणाल्या, “तो हळद खाती थी बच्ची?” मग जाताना रेवाच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. एका नातेवाइकानं फोनवर ‘वेडाचे झटके’ हा शब्द वापरला. नवऱ्यानं त्याला दुरुस्त केलं. आवाज चढवून केलं, पण केलं. लग्नाचं तो अजून मनात आणतो, मला दिसतं. आता बोलत नाही.

माझी लाज कमी झालेली नाही. तिची जागा बदलली आहे. आधी मला आजाराची लाज होती.

विचारणं

डॉक्टरांनी मला सांगितलं की अधूनमधून विचारत जा. मी विचारू लागले तेव्हा माझी वाक्यं अशी असत : “मनात काही नकारात्मक विचार वगैरे?” रेवा म्हणाली, “आई, बातमी करू नको. सरळ विचार.”

सरळ विचारायला मला पुष्कळ दिवस लागले. बहुतेक वेळा ती “नाही” म्हणते. कधी “थोडंसं, पण तेवढं नाही” म्हणते, आणि आम्ही गच्चीऐवजी अंगणात बसतो.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आम्ही छावणीच्या बाजारात भाजी घेत होतो. मी मेथीच्या जुड्या उलटून बघत होते. रेवानं माझी बाही ओढली.

“आई, आज विचार.”

मी मेथी खाली ठेवली. भाजीवाली समोर होती, मागे दोन बायका उभ्या होत्या.

“रेवा, जीव द्यावा असं वाटतंय का?”

“सकाळपासून. आत्ता जास्त.”

भाजीवालीचा हात तराजूवर थांबला. मागच्या बायका बघत असाव्यात. मी रेवाचा हात धरून रस्त्यावर आले आणि रिक्षा थांबवली.

“कहां जाना है, बाजी?”

यापूर्वी दर वेळी मी अलीकडच्या चौकाचं नाव सांगत असे आणि पाटी दिसायच्या आत उतरून चालत जात असे. त्या संध्याकाळी मी दवाखान्याचं पूर्ण नाव सांगितलं, मानसोपचार या शब्दासकट. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

“कौन बीमार है?”

“मैं,” रेवा म्हणाली.

 त्यानं मीटर टाकलं, आणि गतिरोधक आला की रिक्षा जवळजवळ थांबवून, अलगद पार करत राहिला. रेवा मामीला फोन लावत होती. मी डॉक्टरांना लावला. दोघींचेही फोन उचलले गेले.